दुसऱ्याच्या स्वाधीन केलेले दफ्तर

एखाद्या संस्थेने आपले सारे दफ्तर, म्हणजे खातेदारांच्या शिलका, नोकरांचे पगार, रुग्णांचे तपासणी-अहवाल आणि पुऱ्या न झालेल्या सौद्यांचा खासगी पत्रव्यवहार, ज्यांचे तोंडही कधी पाहिले नाही अशा परक्यांच्या हवाली करावे आणि त्याबद्दल दरमहा भाडेही भरावे, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील विलक्षणपणा कोणाच्या ध्यानातही येत नाही. माझ्या मात्र तो ध्यानातून कधी गेला नाही. कारण कॅलिफोर्नियातील सनीव्हेलमध्ये नोकरीची बहुतेक वर्षे मी त्या परक्यांच्या बाजूला बसून काढली. आधी बिघाड दुरुस्त करणाऱ्या तुकडीत, नंतर ग्राहकांच्या शंकांना लेखी उत्तरे देणाऱ्या खात्यात आणि शेवटी करारमदार व सुरक्षिततेची हमी पाहणाऱ्या विभागात मी काम केले. या सर्व काळात ‘ग्राहकाचा विश्वास संपादन करा’ हे वाक्य प्रत्येक वरिष्ठाच्या तोंडून ऐकले. आणि अनुभवाने मी अशा मतावर आले की विश्वास मागत फिरण्यापेक्षा, ग्राहकाला ज्या ज्या गोष्टी केवळ आपल्या शब्दावर मानाव्या लागतात त्यांची संख्या वर्षानुवर्षे कमी करीत नेणे, हेच या धंद्यातले खरे काम आहे.

मी या गावी आले तेव्हा हा क्लाउडचा धंदा नुकताच पायावर उभा राहत होता. ॲमेझॉनने साठवणुकीची जागा भाड्याने देण्यास मार्च २००६ मध्ये आरंभ केला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात सर्व्हरही तासाच्या दराने मिळू लागले. पण जुन्या वळणाच्या कंपन्यांतील अधिकारी या प्रकाराकडे साशंकतेनेच पाहत. सनीव्हेल स्वतः तोवर अनेक अवस्थांतरांतून गेले होते. जर्दाळू आणि चेरीच्या बागांचे हे गाव. येथल्या लिबी कंपनीच्या फळे डबाबंद करणाऱ्या कारखान्याची पाण्याची टाकी, फळांच्या डब्यासारखी रंगवलेली, अजून जतन करून ठेवलेली आहे. १९५६ च्या सुमारास लॉकहीडचा क्षेपणास्त्रांचा विभाग येथे आला, मागून संगणकाच्या चिपा आल्या, आणि ज्या मॉफेट पार्कच्या रस्त्यांनी पूर्वी क्षेपणास्त्रांचे अभियंते कामावर जात तेथेच आता क्लाउड चालविणाऱ्यांच्या कचेऱ्या आहेत. यंत्रे मात्र बहुतांशी शेजारच्या सांता क्लारात; कारण त्या शहराची स्वतःची वीज-व्यवस्था आहे, तेथली वीज स्वस्त पडते, आणि वीज हेच या धंद्याचे मुख्य खाद्य आहे.

त्या सांता क्लारातील एका इमारतीत, आमच्या कंपनीने जेथे जागा भाड्याने घेतली होती तेथे, मी एकदा एका रुग्णालयाच्या माहिती-विभागाच्या प्रमुख बाईंना घेऊन गेले होते. बाई मूळच्या परिचारिका. वय साठीच्या घरात. रुग्णांची कागदपत्रे आमच्याकडे ठेवण्यापूर्वी जागा डोळ्यांनी पाहीन असा त्यांचा आग्रह होता. त्या इमारतीला बाहेरून एकही खिडकी नव्हती. दोन दारांमधल्या चिंचोळ्या कोठडीत एकेकट्याने उभे राहून यंत्रावर पंजा टेकवावा लागे, आणि मागचे दार पुरते मिटल्याखेरीज पुढचे उघडत नसे. आत पंख्यांचा असा घोष की बोलायचे झाले तर शेजारच्याच्या कानाशी तोंड न्यावे. एका गल्लीत जमिनीतल्या जाळ्यांतून गारठा पायांवर येई, तर लगतच्या गल्लीत यंत्रांनी पाठीमागे टाकलेली ऊन हवा तोंडावर येई. तारेच्या जाळीआड आमची कपाटे होती. त्यांतील लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे बराच वेळ पाहून बाईंनी विचारले, यांतले आमचे कुठले?

या प्रश्नाला खरे उत्तर एकच होते, आणि ते त्यांच्या आग्रहावर पाणी ओतणारे होते. प्रत्येक दस्तऐवज तुकडे करून, त्या तुकड्यांवरून गणिताने आणखी काही जादा तुकडे सिद्ध करून, निरनिराळ्या डिस्कवर पसरलेला असे. एखादी डिस्क निकामी झाली, तर उरलेल्या तुकड्यांवरून तो पुन्हा उभा करता यावा यासाठी ही तजवीज होती. त्यामुळे बोट ठेवून ‘हे तुमचे’ असे म्हणावे असे तेथे काहीच नव्हते. मी तसे सांगितले. त्यावर त्या रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या की मग मला आज येथे आणले कशासाठी, माझे कागद कोणी उघडले याची यादी मला दाखवा, म्हणजे पुरे. परत येताना गाडीत त्यांनी आपल्या रुग्णालयातली रीत सांगितली. रुग्णाचा कागद जो कोणी हाती घेईल त्याची नोंद होते, आणि ओळखीच्या रुग्णाचा कागद विनाकारण चाळणाऱ्याला जाब द्यावा लागतो. त्या नोंदीच्या धाकानेच माणसे नीट वागतात, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. आमच्याकडे अशा नोंदी होत्याच, पण त्या आमच्या अभियंत्यांसाठी होत्या. ग्राहकाला त्या पाहता याव्यात, आमच्यापैकी कोणीही त्याच्या माहितीला हात लावला तर कारणासह ते त्याला कळावे, हा विचार आमच्या कंपनीत त्या भेटीनंतर मूळ धरू लागला. इमारतीची भव्यता, पहारेकरी, पंजाचे यंत्र यांनी जे साधले नसते ते एका साध्या नोंदवहीने साधले.

लेखी उत्तरांच्या खात्यात असताना दुसरी गोष्ट उमगली. मोठा ग्राहक करार करण्यापूर्वी प्रश्नावली पाठवितो. तिच्यात शेकडो ओळी असतात. संकेतशब्द किती अक्षरी हवा, नोकरी सोडलेल्या माणसाचा प्रवेश किती तासांत बंद होतो, बॅकअप घेता हे ठीक, पण तो परत उतरवून कधी पाहिला होता, असे एकेक प्रश्न, आणि पुढे होय किंवा नाही लिहिण्याचे रकाने. विक्री-विभागाची स्वाभाविक इच्छा अशी की सर्वत्र ‘होय’ यावे; आणि भाषेची थोडी मखलाशी केली तर अर्धवट गोष्टीही ‘होय’च्या रकान्यात बसतात. आमच्या खात्याच्या प्रमुख बाई या बाबतीत कठोर होत्या. जेथे व्यवस्था नाही तेथे त्या स्वच्छ ‘नाही’ लिहीत आणि खाली ती कधीपर्यंत होईल, वा होणारच नसेल तर का होणार नाही, याचा खुलासा जोडीत. एका विमा कंपनीचा करार या ‘नाहीं’मुळे हातचा जाणार अशी सर्वांची खात्री झाली होती. तो गेला नाही. त्या कंपनीच्या तपासनिसाने पुढे आम्हाला सांगितले, की सर्व पुरवठादारांच्या प्रश्नावल्यांत आमच्या एकट्यांच्याच प्रश्नावलीत नकार सापडले आणि म्हणून आमचे होकार त्याने खरे धरून वाचले. अर्थात त्याने आमच्या शब्दावर थांबण्याचे कारण नव्हते. त्रयस्थ लेखापरीक्षक वर्षातील अनेक महिने आमचे व्यवहार तपासून जो अहवाल देत, त्याच्याशी त्याने आमची उत्तरे ओळीओळीने रुजू घालून पाहिली होती.

करारात सेवेच्या अखंडतेची जी टक्केवारी लिहितात तिच्याविषयीही येथेच सांगते, कारण तिच्याइतकी गैरसमज पसरविणारी दुसरी गोष्ट या व्यवसायात क्वचितच असेल. ९९.९ टक्के हे वाचताना जवळजवळ शंभर वाटतात. पण तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ सुमारे ४३ मिनिटे सेवा बंद राहण्याची मुभा, आणि ९९.९९ टक्क्यांचा अर्थ चार मिनिटांहून किंचित अधिक. ती मर्यादा ओलांडली गेली तरी ग्राहकाच्या धंद्याचे जे नुकसान झाले ते भरून देण्याचे बंधन बहुधा नसते. पुढच्या बिलात काही टक्के सूट मिळते एवढेच. हे मी प्रत्येक ग्राहकाला मिनिटांत मांडून दाखवीत असे. त्यामुळे काहींनी आमच्याकडे येण्याचा बेत रहित केला. पण जे आले त्यांनी आपल्या कामाची आखणी ती मिनिटे हिशोबात धरून केली.

बिघाड होतोच. विश्वासाची परीक्षा त्या वेळी लागते, आणि तीही पहिल्या तासात. मी ज्या एका कंपनीत होते तेथे एका पहाटे साठवणुकीची व्यवस्था कोलमडली. ग्राहकांचे दूरध्वनी अक्षरशः थांबेनात, आणि आमच्या सार्वजनिक स्थितीफलकावर मात्र सर्व दिवे हिरवे होते. त्या फलकाचा रंग बदलण्यास उपाध्यक्षाची संमती लागे, आणि उपाध्यक्ष पूर्ण निदान झाल्याखेरीज संमती देईनात. एका ग्राहकाचे उद्गार मला आजही आठवतात: तुमचे यंत्र बंद पडले याचा मला राग नाही, माझी माणसे तीन तास आमच्याच चुकीचा शोध घेत बसली त्याचा आहे. त्या वाक्यात या विषयाचे सारे मर्म होते. आपल्या घरात दोष आहे की दुसऱ्याच्या, हे वेळीच कळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. निदान मागाहून दिले तरी चालते. यानंतर फलक बदलण्याचा अधिकार पहाऱ्यावर असलेल्या अभियंत्याकडे आला, आणि त्या अधिकाराचा दुरुपयोग झाल्याचे मी तरी पाहिले नाही.

हा दोष एकट्या आमच्या कंपनीचा नव्हता. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनची व्हर्जिनियातील साठवण-सेवा सुमारे चार तास विस्कळीत झाली. बिलांच्या व्यवस्थेतील संथपणाचा तपास करताना, थोडे सर्व्हर काढून घेण्यासाठी दिलेल्या आज्ञेत चुकीचा आकडा पडला आणि भलतेच अधिक सर्व्हर निघून गेले. पण माझ्या मते त्या दिवसाचा अधिक बोधप्रद भाग असा की कंपनीचा स्थितीफलक त्याच साठवण-सेवेवर अवलंबून असल्याने प्रारंभीचे सुमारे दोन तास तो अद्ययावतच करता येईना. पुढे दोनच दिवसांनी कंपनीने जो जाहीर खुलासा केला, त्यात आज्ञा देणाऱ्या माणसाचे नाव नव्हते; एका आज्ञेने इतके सर्व्हर काढू देणारे साधन सदोष होते आणि ते आता बदलले आहे, असा त्याचा रोख होता. हा खुलासा आम्ही आमच्या बैठकीत मोठ्याने वाचला आणि आमच्या अहवालांचा नमुना त्यावरून ठरविला. असे असूनही आठ वर्षांनी, १२ जून २०२५ रोजी, गूगल क्लाउडची सेवा जगभर कोसळली तेव्हा त्यांचाही फलक त्याच बिघाडात सापडला आणि पहिली सूचना निघण्यास जवळजवळ तास गेला. इतक्या कुशल लोकांच्या हातूनही हे पुन्हा घडते, यावरून ज्याची बातमी द्यायची त्याच्यावरच बातमी देणारा अवलंबून राहणे टाळणे किती कठीण आहे, हे ध्यानात येईल.

आणि न सांगण्याची किंमत काय असते हे पाहण्यास सनीव्हेलच्या रहिवाशाला दूर जावे लागत नाही. याहूचे मुख्यालय तेव्हा या गावात होते. डिसेंबर २०१४ मध्ये कोट्यवधी खात्यांची माहिती चोरीस गेल्याचे तिच्या सुरक्षा-विभागाला काही दिवसांतच कळले होते. जगाला ते सप्टेंबर २०१६ मध्ये कळले, आणि तोवर कंपनी व्हेरायझनला विकण्याचा सौदा ठरलाही होता. मग त्याआधीची, २०१३ ची, आणखी मोठी चोरी उघडकीस आली. प्रथम शंभर कोटी खाती म्हणून सांगितले गेले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये ती संख्या तीनशे कोटी, म्हणजे त्या वेळची सर्वच्या सर्व खाती, असल्याचे कबूल झाले. सौद्याची किंमत ३५ कोटी डॉलरनी उतरली, आणि गुंतवणूकदारांपासून माहिती दडविल्याबद्दल रोखे आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये साडेतीन कोटी डॉलरचा दंड ठोठावला. त्या काळात आमच्या ग्राहकांच्या प्रत्येक बैठकीत, आमचा त्या कंपनीशी काडीचा संबंध नसताना, हा विषय निघे. चोरी झाली म्हणून कोणी विचारीत नव्हते. चोऱ्या सर्वत्र होतात हे त्यांना ठाऊक होते. तुम्हाला कळल्यापासून आम्हाला कळेपर्यंत किती तास, एवढाच प्रश्न असे, आणि तो आकडा आता करारात हवा असे. तो घालताना आमच्या वकिलांनी पुष्कळ खळखळ केली. शेवटी तो घातला गेला, आणि एकदा घातल्यावर कंपनीच्या आतही सुरक्षा-विभागाचा आवाज मोठा झाला, कारण आता मौन पाळणे हा करारभंग ठरत होता.

माझे वडील साताऱ्याच्या कोषागारात कारकून होते. तेथील मजबूत खोलीला दुहेरी कुलूप असे. दोन किल्ल्या दोन जबाबदार माणसांकडे, आणि दोघे हजर असल्याखेरीज दार उघडणे अशक्य. पुढे आमच्या कंपनीत ग्राहकाची माहिती सांकेतिक रूपात ठेवून तिची किल्ली ग्राहकाच्याच ताब्यात देण्याची योजना निघाली तेव्हा तिचे तत्त्व मला क्षणात पटले. त्या योजनेला आतून विरोध होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता: किल्ली हरवली तर माहिती कायमची गेली, आणि ग्राहक दोष आम्हालाच देणार. तरीही ती आली. २०१३ च्या जून महिन्यात एडवर्ड स्नोडेनच्या कागदपत्रांनी अमेरिकन सरकारच्या टेहळणीचा तपशील उजेडात आणल्यावर युरोपातील ग्राहक आमच्या सदिच्छेवर अवलंबून राहायला तयार नव्हते, आणि त्यांना तसे राहण्यास सांगणे प्रामाणिकपणाचेही नव्हते. उद्या एखाद्या न्यायालयाचा हुकूम आला तर आमच्या सदिच्छेला किंमत राहिली नसती. किल्ली आमच्यापाशी नसणे, हीच अशा वेळी देता येण्याजोगी खरी हमी होती.

सर्वांत अवघड प्रश्न मला माझ्याच भाषेत विचारला गेला. पश्चिम महाराष्ट्रातील एक नागरी सहकारी बँक बॅकअपसाठी आमची मुंबईतील सेवा घेण्याच्या विचारात होती. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले होते, आणि त्या धक्क्याने लहानमोठ्या बँकांच्या संचालकांना या विषयाची प्रथमच गंभीर जाणीव झाली होती. देयकांची माहिती भारतातच ठेवण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेशही त्याच वर्षीच्या ६ एप्रिलचा. त्यांच्या सकाळी आणि माझ्या रात्री व्हिडिओवर बैठका होत. मी नोंदवह्या दाखविल्या, किल्ल्यांची योजना सांगितली, लेखापरीक्षकांचे अहवाल पाठविले. अध्यक्ष वयाने वडील, शेतकरी कुटुंबातले, सर्व ऐकून ते म्हणाले, “ताई, तुमचं सगळं पटलं. पण उद्या तुमची कंपनी कुणी विकत घेतली आणि त्यानं भाडं दुप्पट केलं, तर आमची खाती आम्हाला परत नेता येतील का? आणि किती दिवसांत?”

मी म्हटले, “अण्णा, करारात तसं कलम आहे.”

“कलम असंल हो. कुणी नेऊन बघितलंय का?”

कोणी बघितले नव्हते. या धंद्याचा अर्थव्यवहारच असा, की माहिती आत घेणे बहुधा फुकट आणि बाहेर नेण्यास शुल्क. मग बाहेर जाण्याची तालीम ग्राहकाला करून देण्यात कोणाला रस असणार? तथापि त्या बँकेच्या निमित्ताने आम्ही ती केली. एका शनिवारी दुपारी बँकेची दुसरी पाळी सुटल्यावर संपूर्ण साठा आमच्याकडून काढून बँकेच्या स्वतःच्या सर्व्हरवर उतरविण्यास प्रारंभ झाला. पहिल्या प्रयत्नात फायली पोचल्या, पण कोणती प्रत कोणत्या दिवसाची हे सांगणारी अनुक्रमणिका आमच्याच प्रणालीत राहिली. म्हणजे कागद परत मिळाले, पण ते लावता येईनात. ती उणीव दूर करून पुन्हा तालीम झाली, आणि बँकेच्या हिशेबनिसाने मार्चअखेरच्या ताळेबंदाशी शिलका पैशापर्यंत जुळवून पाहिल्या. त्यानंतरच सही झाली. वर्षातून एकदा ही तालीम करण्याची अट त्यांनी घातली होती, ती आम्ही इतर ग्राहकांनाही आपणहून देऊ लागलो. पुढे १० एप्रिल २०२३ च्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँका आणि मोठ्या नागरी सहकारी बँका यांच्याकडून बाहेर पडण्याची योजना आणि तपासणीचा हक्क यांची अपेक्षा लेखी केली, तेव्हा त्या अध्यक्षांचा मजकूरच जणू राजमान्य झाल्यासारखे मला वाटले.

आमच्या विक्री-विभागाला भीती होती की जाण्याची वाट रुंद केली तर ग्राहक जातील. थोडे गेले, बहुतेक राहिले आणि अधिक महत्त्वाचे साठे आणून ठेवू लागले. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगल क्लाउडवरील खासगी क्लाउडच, तो उभारताना एक रकाना रिकामा राहिल्याच्या कारणाने, मुदत संपली असे समजून पुसला गेला आणि सहा लाखांहून अधिक सभासदांना कित्येक दिवस आपल्या खात्याचे दर्शन होईना. त्या वेळी निधीने दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेल्या प्रती पुनरुद्धाराच्या कामी आल्या. त्या घटनेनंतर मी आमच्या ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात, तुमची एक प्रत आमच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडे तरी असू द्या, असे स्वच्छ लिहिले. पत्र जाण्यापूर्वी ते कंपनीत तीन टेबलांवर अडले, आणि अखेर एकही शब्द न बदलता गेले.

अलीकडे प्रश्नावल्यांत एक नवा रकाना आला आहे. आमच्या मजकुरावर तुम्ही तुमची कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रतिमाने शिकविता काय, असा त्यात प्रश्न असतो, आणि तो विचारणाऱ्यांत रुग्णालये, वकिलांच्या कचेऱ्या, शाळा सर्वच आहेत. ‘आम्ही तसे करीत नाही’ हे उत्तर खरे असले तरी मला अपुरे वाटते, कारण ते पुन्हा केवळ आमच्या शब्दावर मानायचे आहे. त्यामुळे सध्या माझा बराच वेळ, ग्राहकाचा साठा कोणकोणत्या प्रक्रियांनी वाचला याची संपूर्ण नोंद, प्रतिमानांचे काम करणाऱ्या विभागाच्या वाचनासह, त्याला त्याच्या बाजूने पाहता यावी, या कलमाच्या मसुद्यात आणि ते प्रत्यक्षात आणणाऱ्या अभियंत्यांच्या बैठकांत जातो. मसुद्याची चौथी दुरुस्ती या आठवड्यात वकिलांकडे गेली आहे.